फ्लॅशर कशाला लावलाय रे भो?

नमस्कार, मॉडेल रेल्वेवाली मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, 'डीसीसी इंजिनातल्या दिव्यांची जोडणी आणि प्रोग्रॅमिंग'. तिकडे येतोच. मागच्या अंगणात भरिताची वांगी भाजायला घेतलीयेत, वास आत आलाय, तेव्हा थोड्या वेळाने तुमचं लक्ष कुठे असेल ते मला ठाऊक आहे.

डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, काय असतं हे या खोलीत सांगायला नको. रुळांतून वीज आणि हुकूम एकदमच जातात, इंजिनात बसवलेला छोटा सर्किट बोर्ड, म्हणजे डिकोडर, आपल्या पत्त्याचा हुकूम तेवढा उचलतो. माझं दुखणं वेगळं आहे. डिकोडर आल्यापासून दिवे लावणं सोपं झालं, आणि आपण लागतील तेवढे लावत सुटलो.

भुसावळला एका गणेश मंडळाने रेल्वेचा देखावा केला होता. काम देखणं. तापीवरचा पूल, केळीच्या बागा, डबल लाइन, डब्ल्यूएपी-४ हे विजेचं इंजिन डबे ओढतंय. पुढे हेडलाइट, मागे लाल दिवे, कॅबमध्ये उजेड, आणि वर पिवळा फ्लॅशर, सारखा लुकलुक लुकलुक. पोरं खूश. गर्दीत नातवाला खांद्यावर घेऊन एक रिटायर लोको पायलट उभे. (भुसावळात गर्दीत खडा टाकला तर तो रेल्वेवाल्यालाच लागतो, त्यात नवल नाही.) बराच वेळ पाहिलं त्यांनी आणि कार्यकर्त्याला विचारलं, "गाडी घसरली का रे भो?"

"नाही काका, चालू आहे ना."

"मग फ्लॅशर कशाला लावलाय?"

"चांगला दिसतो."

झालं. काकांनी नातवाला खाली उतरवलं आणि तिथेच शाळा भरवली. अपघात झाला, गाडी अचानक थांबली, शेजारची लाइन अडली असेल अशी शंका आली, की फ्लॅशर लावायचा. ब्रेक पाइपचं प्रेशर एकदम उतरलं तर ऑटो फ्लॅशर आपोआपही सुरू होतो. समोरून येणाऱ्याला तो दिसला की त्याने गाडी उभी करायची. "आणि तुझी ही मालगाडी बघ," काका म्हणाले, "दर फेरीला फ्लॅशरसमोरून खुशाल जातेय. हिच्या ड्रायव्हरला चार्जशीट द्या आधी!" आरतीची वेळ झाली म्हणून सुटका झाली, नाहीतर गार्डावरही कारवाई झाली असती. दुसऱ्या दिवशी फ्लॅशर बंद होता. अध्यक्ष मात्र नाराज, म्हणे देखावा फिका पडला!

तर माझं म्हणणं एवढंच, की सोल्डरिंग गन तापवायच्या आधी कागद घ्या. कुठला दिवा, कधी लागतो, कोण लावतो, लिहा. मागचा लाल दिवा घ्या. एकटं इंजिन जात असेल तर तो हवाच. पण मागे बावीस डबे जोडलेत आणि इंजिनाच्या पाठीवर लाल दिवे पेटलेत, ते कोणासाठी? पहिल्या डब्यातल्या प्रवाशांसाठी? लाल दिवा शेवटच्या डब्याला, 'एलव्ही' म्हणजे लास्ट व्हेइकल पाटीजवळ. म्हणून इंजिनाच्या लाल दिव्यांना वेगळी वायर, वेगळं फंक्शन, म्हणजे कंट्रोलरवरचं वेगळं बटण.

कोणीतरी मघाशी पाचोरा-जामनेर (पीजे) गाडीचं विचारलं. पीजेची नॅरोगेज ७६२ मिलिमीटरची होती, आपल्या मॉडेलचं प्रमाण १:८७, तेव्हा ८७ ने भागा, पावणेनऊ येतात, म्हणजे ९ मिलिमीटरच्या रुळावर ती जवळपास बिनचूक बसते. उलट आपली ब्रॉडगेज १९ च्या वर जाते आणि आपण ती साडेसोळावर पळवतो. म्हणजे आपल्यात खरी गाडी पीजेचीच! असो, घड्याळ दाखवतायत.

भरभर सांगतो. वायरींचे रंग एनएमआरए या अमेरिकन संघटनेच्या मानकाप्रमाणे: लाल-काळी रुळांकडे, नारिंगी-करडी मोटरला, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा, हिरवी एफ-१ (फंक्शन बटण १), जांभळी एफ-२. निळी सगळ्या दिव्यांचा सामायिक प्लस. एलईडीचा लांब पाय निळीला, आखूड पाय रंगीत वायरीला, मध्ये एक किलोओहमचा रेझिस्टर. प्रत्येक एलईडीला स्वतःचा. निळी वायर रुळाला किंवा चासीला टेकू देऊ नका, डिकोडर जाईल. आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर ठेवून पत्ता वाचा. तिथे करंट कमी असतो, जोडणी चुकली असली तरी बहुधा निभावतं.

आता सीव्ही, म्हणजे डिकोडरमधल्या सेटिंगचे नंबर दिलेले कप्पे. कुठल्या बटणावर कुठली वायर, ते ३३ पासून पुढे: ३३ मध्ये १ म्हणजे पुढे जाताना पांढरी, ३४ मध्ये २ म्हणजे मागे येताना पिवळी, ३५ मध्ये ४ म्हणजे एफ-१ वर हिरवी, ३६ मध्ये ८ म्हणजे एफ-२ वर जांभळी. फ्लॅशर जांभळीवर घ्या. लुकलुकण्याचा सीव्ही प्रत्येक कंपनीचा निराळा, डिकोडरसोबतचा कागद फेकू नका. सगळंच बिघडलं तर बऱ्याच डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की कारखान्यातली मूळ सेटिंग परत येते, पत्ता ३.

हो, बोला दादा. वेग वाढवताना हेडलाइट चालू-बंद होतो? वायर उपसू नका. डिकोडर वेगाच्या १४ स्टेपवर (पायऱ्यांवर) आहे आणि कंट्रोलर २८ वर. १४ मध्ये जो बिट हेडलाइटचा, तोच २८ मध्ये वेगाचा, म्हणून दर पायरीला दिवा पेटतो आणि विझतो. सीव्ही २९ मध्ये ६ लिहा, थांबेल. चला, कळण्याची भाकरी गरम आहे तोवर उठू या.