कालचं वकीलपत्र, आजची सरकारी फाईल
(माहितीपटाचं निवेदन)

[जिल्हा न्यायालयाचं आवार, सकाळ. स्टॅम्प वेंडरची खिडकी, टायपिंगची टेबलं.]

कोर्ट बसायला अजून वेळ आहे, पण आवार केव्हाच जागं झालंय. स्टॅम्प वेंडरच्या खिडकीशी रांग लागलीय. टायपिस्टनं पहिला जामीन अर्ज चढवलाय. पॅसेजमधल्या फलकावर आजचा बोर्ड, म्हणजे आजच्या प्रकरणांची यादी, लागलाय आणि प्रत्येक जण त्यात आपलं नाव शोधतोय. कोर्ट हॉलच्या आत कॅमेरा नेता येत नाही, त्यामुळे आपण इथंच, कागदांच्या सोबतीनं थांबणार आहोत. बचावाचा वकील सरकारी वकील झाला की त्याच्या जुन्या अशिलांचं काय, हा आपला विषय. तोही कागदांमधूनच नीट दिसतो.

[वकीलपत्राचा क्लोजअप. अंगठा, शिक्का, तिकीट.]

हे वकीलपत्र. वर न्यायालयाचं नाव, खाली केस नंबर, मग सरकार विरुद्ध आरोपी. त्याखाली ठरावीक मजकूर: सदर कामी आमचेतर्फे वकील नेमले आहेत. पक्षकाराची सही किंवा अंगठा. आरोपी तुरुंगात असेल तर बाजूला तुरुंग अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. कोर्ट फीचा स्टॅम्प, वकील कल्याण निधीचं तिकीट. आणि सर्वांत खाली वकिलांची सही, 'स्वीकारले'.

हा कागद दाखल झाला की रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, एक ओळ पडते: आरोपीतर्फे अमुक वकील हजर. ती ओळ कायमची रेकॉर्डला राहते. पुढं अशिलानं वकील बदलला, जुन्या वकिलानं ना हरकत दिली, तरी ती ओळ खोडली जात नाही. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं. तेव्हा कागद परत मिळतात. पण तुरुंगाच्या मुलाखतीत जे बोलणं झालं, ते परत कसं मिळणार?

[तुरुंगाबाहेर मुलाखतीसाठी थांबलेले नातेवाईक.]

त्या रात्री मी कुठं होतो. सोबत कोण होतं. पोलिसांना काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही. घरच्यांपासून लपवलेलं माणूस वकिलाला सांगतो. ते सांगता यावं म्हणून कायद्यानं त्याला कवच दिलंय. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यात ते कलम 126 होतं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 132 आहे. अशिलानं वकिलीच्या कामासाठी जे सांगितलं, ते त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. बेकायदेशीर कामासाठी घेतलेल्या सल्ल्याला हे कवच नाही. वकील नेमल्यानंतर त्याच्यादेखत गुन्हा किंवा फसवणूक घडली तर तिलाही नाही. पण कलमातला महत्त्वाचा भाग पुढं आहे. वकिलाचं काम संपलं तरी हे बंधन संपत नाही.

[बार रूम. कपाटं, काळे कोट.]

आता याच बार रूममधला, म्हणजे वकिलांच्या खोलीतला, एखादा वकील उद्या सरकारी वकील होतो. कसा होतो, तेही बघू.

मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात उभे राहतात ते सहायक सरकारी अभियोक्ता. पूर्वी हे अभियोक्ते पोलीस खात्याच्या हाताखाली असत. तपास करणारेही पोलीस आणि खटला चालवणाऱ्याचे साहेबही पोलीस. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेला ही रचना मान्य नव्हती, पण महाराष्ट्रात ती सुटायला बरीच वर्षं लागली. 1995 साली एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अभियोक्त्यांवरचं पोलीस खात्याचं नियंत्रण काढा आणि त्यांचा स्वतंत्र संवर्ग करा. आज ही भरती लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते. पण परीक्षेला बसणारे उमेदवार असतात वकीलच, कालपर्यंत वकीलपत्रं घेणारे.

सत्र न्यायालयातली वाट वेगळी. तिथले जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील वकिली करणाऱ्यांमधूनच निवडले जातात. आधी यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 24 होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 18. जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांचं पॅनेल तयार करतात. अट, किमान सात वर्षांची वकिली. एखाद्या खटल्यासाठी विशेष सरकारी वकील नेमायचा तर दहा वर्षांची.

[जिल्हाधिकारी कार्यालय. फाईलवरची टिपणी.]

सात वर्षं वकिली केलेला माणूस म्हणजे सात वर्षं कुणाकुणाची वकीलपत्रं घेतलेला माणूस. जिल्ह्याच्या ठिकाणी फौजदारी काम करणारे वकील मोजकेच. कोण कुणाचा वकील होता, हे चहाच्या टपरीवर विचारलं तरी कळतं. पण हे कलम शेवटपर्यंत वाचा. त्यात वर्षांची अट आहे, पॅनेल आहे, विचारविनिमय आहे. जुन्या अशिलांबद्दल एक शब्दही नाही.

आमचा विरोध बाजू बदलण्याला नाही, हे इथं ठामपणे सांगायला हवं. बचावाचं काम केलेला वकील सरकारी बाजूला गेला तर ते चांगलंच. पंचनामा टेबलावर बसून लिहिलाय की जागेवर जाऊन, हे त्याला वाचताच कळतं. कच्चा तपास तो वेळीच परत पाठवतो. सरकारी वकिलाचं काम कसंही करून शिक्षा मिळवणं नव्हे. 1999 च्या शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच बजावलं, की सरकारी वकिलाला आरोपीशीही न्यायानं वागावं लागतं. खटला मागं घेण्याचा अर्जदेखील तोच करू शकतो, कोर्टाच्या परवानगीनं. एवढा अधिकार हाती येतो, म्हणून तर त्याच्या जुन्या वकीलपत्रांची विचारपूस हवी.

[पोलीस कर्मचारी, हातात बांधलेला गठ्ठा. पैरवीचं टेबल.]

पैरवी, म्हणजे कोर्टातल्या प्रकरणांचा पाठपुरावा, बघणारे पोलीस हा गठ्ठा घेऊन आलेत. लाल फितीत बांधलेलं दोषारोपपत्र, आणि सोबत केस डायरी. यातलं एखादं नाव सरकारी वकिलाच्या ओळखीचं निघालं तर?

बार कौन्सिल ऑफ इंडिया ही वकिलांचं नियमन करणारी संस्था, तिच्या आचारनियमांतला नियम 33 यावर अगदी स्पष्ट आहे. एखाद्या प्रकरणात वकिलानं कधीही सल्ला दिला असेल, अर्ज-कैफियती लिहून दिल्या असतील किंवा एका पक्षासाठी काम केलं असेल, तर त्याच प्रकरणात त्याला विरुद्ध पक्षासाठी उभं राहता येत नाही. 'कधीही' या शब्दाला इथं पूर्ण वजन आहे. 'मी फक्त रिमांडला एकदा उभा होतो' किंवा 'नुसता जामीन अर्ज बघून दिला होता' ही सबब या नियमापुढं टिकत नाही. रिमांडला उभं राहण्याआधी कोठडीबाहेर आरोपीशी जी पाच मिनिटं बोलणं होतं, त्यातच बहुतेक वेळा सगळं सांगून झालेलं असतं.

अडचणीच्या जागा याच्या थोड्या पलीकडं आहेत. समजा, एकाच गुन्ह्यात चार आरोपी आहेत. वकील पूर्वी फक्त तिसऱ्या आरोपीसाठी उभा होता. तिसऱ्याचा खटला वेगळा निघाला, आणि आता पहिल्याचा खटला याच वकिलाला सरकारतर्फे चालवायचाय. पहिल्याशी त्याचा कधीच संबंध आलेला नाही. पण तिसऱ्यानं पहिल्याबद्दल काय सांगितलं होतं, ते त्याला ठाऊक आहे. किंवा जुना अशील आज दुसऱ्याच गुन्ह्यात आरोपी आहे. प्रकरण नवं, माणूस तोच. त्याच्या सवयी, त्याचे पैशाचे व्यवहार, त्याचं दुखरं ठिकाण वकिलाला माहीत आहे. नियम 33 प्रकरणाबद्दल बोलतो, या माणसाबद्दल नाही. मग उरतो नियम 24, अशिलानं टाकलेल्या विश्वासाचा गैरफायदा घेऊ नये. आमचं मत सरळ आहे: अशा वेळी वकिलानं बाजूला व्हावं, आणि कुणी हरकत घेण्याआधीच व्हावं.

[केस डायरीचं मुखपृष्ठ, आतली पानं धूसर.]

उलट्या दिशेनंही हेच घडतं. ही केस डायरी. तपास अधिकारी रोज काय केलं ते यात लिहितो. कोर्ट ती मागवून वाचू शकतं. आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला ती मागण्याचा हक्क नाही. नव्या संहितेत ते कलम 192 आहे. पण सरकारी वकिलानं तपासाची बाजू आतून पाहिलेली असते. कुठला साक्षीदार डळमळीत आहे, कुठला दुवा जुळत नाही, हे त्याला कळलेलं असतं. त्याची मुदत संपली आणि त्याच खटल्यात तो आरोपीचं वकीलपत्र घेऊन आला, तर नियम 33 त्यालाही तितकाच लागू होतो.

[आर्थर रोड तुरुंगाची भिंत. सात रस्त्याची रहदारी.]

मुंबईतला हा आर्थर रोड तुरुंग. 26/11 च्या हल्ल्याचा खटला याच्या आत उभारलेल्या विशेष न्यायालयात चालला. अजमल कसाबसाठी कोर्टानं अंजली वाघमारे यांना वकील नेमलं. त्यांच्या घरावर दगडफेक झाली, तरी त्यांनी काम स्वीकारलं. या धैर्याचा मान राखूनच पुढचं सांगायला हवं. 15 एप्रिल 2009 ला न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी त्यांची नेमणूक रद्द केली. कारण, नुकसानभरपाईच्या एका दाव्यात त्या हल्ल्यातल्या एका पीडिताच्याही वकील होत्या, आणि हा पीडित कसाबविरुद्धच्या खटल्यात साक्षीदार होता. ही गोष्ट कोर्टाला आधी सांगितली गेली नव्हती.

एकाच वकिलाला उद्या स्वतःच्याच अशिलाचा उलटतपास घ्यावा लागला असता. कोर्टानं हे सुरुवातीलाच थांबवलं. दुसऱ्या दिवशी अब्बास काझमी यांची नेमणूक झाली आणि खटला पुढं गेला. देशाचं लक्ष लागलेला खटला होता, म्हणून ही गोष्ट वेळेत उजेडात आली. जिल्ह्याच्या कोर्टात रोज पन्नास प्रकरणांचा बोर्ड असतो. तिथं कोण बघणार?

[तुरुंगाचं फाटक, आत जाणारी पोलिसांची गाडी.]

उशिरा लक्षात आलं तर वकील बदलतो, झालेल्या साक्षींवर वाद होतो, तारखा पडतात, कच्चा कैदी आतच राहतो आणि पीडिताचं घर वाट बघत बसतं.

[मुंबई उच्च न्यायालय, फोर्ट. बार कौन्सिलची पाटी.]

तक्रारीची वाट आहे. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाचं कलम 35. आपल्याकडं महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडं अर्ज करायचा. शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, निलंबित करू शकते, वकिलांच्या यादीतून नावही काढू शकते. राजस्थानातल्या चंद्रशेखर सोनी यांच्या प्रकरणात असंच घडलं. मारहाणीच्या एका प्रकरणात आधी एका बाजूचं काम घेतलं आणि मग दुसऱ्या बाजूचं. 1983 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं निलंबन काही काळापुरतं कायम ठेवलं. पण ही कारवाई घडून गेल्यानंतरची. आम्हाला घडण्याआधीची व्यवस्था हवी आहे.

[संगणकाचा पडदा. ई-कोर्ट्सचं पान, वकिलाच्या नावानं शोध.]

आणि ती फार लांब नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाचं नाव किंवा सनद क्रमांक टाकला, की त्या न्यायालयात त्याची कुठली प्रकरणं आहेत ते दिसतं. आमच्या टीमनं बसून हे करून पाहिलं. नाव टाकलं, खालचा सांकेतिक शब्द भरला, यादी आली. यात कुणाचं गुपित फुटत नाही, कारण कोण कुणातर्फे हजर होतं हे रोजनाम्यात उघडच असतं. फक्त सल्ला दिला आणि वकीलपत्र घेतलं नाही, असं काम मात्र या यादीत सापडणार नाही. ते वकिलानं स्वतःच सांगायचं.

आरोपीलाही एक साधा अर्ज करता येतो. हे वकील या कामी पूर्वी माझ्यातर्फे होते, जुन्या वकीलपत्राची नक्कल सोबत जोडली आहे. अर्जावर निशाणी, म्हणजे प्रकरणातल्या कागदाचा क्रमांक, पडते, सरकार पक्षाचं म्हणणं मागवलं जातं. पण असा अर्ज करता येतो, हे त्याला सांगणार कोण? त्याचा नवा वकील कदाचित मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणानं आजच दिलेला असेल, आणि जुना वकील समोरच्या बाजूला उभा आहे.

[सत्र न्यायाधीशांच्या दालनाचा दरवाजा, बाहेर फाईल घेऊन उभा शिपाई.]

म्हणून आमची मागणी नेमणुकीच्या टप्प्यावरची आहे. सरकारी वकील म्हणून रुजू होताना प्रत्येकानं आपल्या चालू आणि जुन्या फौजदारी वकीलपत्रांची यादी द्यावी, आणि दिलेल्या सल्ल्यांबाबत त्या-त्या प्रकरणातून दूर राहण्याचं लेखी निवेदन द्यावं. जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयानं फाईल वाटताना ती यादी समोर ठेवावी. मुदत संपून बचावाकडं परतणाऱ्यांसाठी सरकारतर्फे चालवलेल्या खटल्यांची तशीच यादी असावी. पॅनेल ठरवताना सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय कलम 18 नुसार करावाच लागतो. त्याच फाईलला ही यादीही जोडावी.