पपनस: मंडपीवरून ताटात

टेबलावर हे जे ठेवलंय ते आजच्या व्याख्यानाचं खरं कारण. पपनस. गणपतीत मंडपीला, गोव्याकडे माटोळीला आपण हे हौसेनं टांगतो. विसर्जन झालं की मुलं त्याचा चेंडू करतात. खात कोणी नाही!

आपण बोलता बोलता सोलूया. देठाकडची चकती उडवायची. मग सात-आठ उभ्या चिरा, पण सुरी गरापर्यंत जाऊ द्यायची नाही. आता बोटं घालून साल मागे ओढा. बघा, कमळ उमलल्यासारखं झालं. आत हा बोटभर जाड पांढरा कापूस, तो काढून टाका. आणि महत्त्वाचं, प्रत्येक फोडीचा पापुद्राही सोला. नारिंजिन नावाचं कडू द्रव्य तिथेच जास्त असतं. संत्र्यासारखं पापुद्र्यासकट तोंडात टाकायचं आणि मग फळाला नावं ठेवायची, असं आपलं चालतं.

हे मूळचं आग्नेय आशियातलं. बंगालीत याला 'बाताबी लेबू' म्हणतात, बटाव्हियाचं लिंबू. बटाव्हिया म्हणजे आजचं जाकार्ता. आपल्या मोसंबीच्या अंगातही पपनसाचंच रक्त आहे. म्हणजे नातीला डोक्यावर घेतलं आणि आजीला टांगून ठेवलं.

100 ग्रॅम गरात साधारण 60 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, उष्मांक चाळिसाच्या आतच. प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज 65 मिलिग्रॅम धरतात, पुरुषाची 80. पण मला याचा खरा उपयोग वाटतो तो जेवणासोबत. नाचणीची भाकरी, चवळीची उसळ यांतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं, आणि जेवणावरचा चहा नेमकं उलट करतो. म्हणून कोशिंबीर करा: मोकळा केलेला गर, मीठ, चिमूटभर साखर, हिरवी मिरची, ओलं खोबरं. फोडणी गार करून घाला. मधुमेह असेल तर रस काढू नका, मोजक्या फोडीच खा. आणि पपनसानं चरबी वितळते वगैरे मोबाइलवर फिरतं, ते सोडून द्या.

आता गोळ्यांचं. 1989 साली कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपीन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा खूपच जास्त भरलं. दोष रसाचा निघाला. आतड्यातलं जे एंझाइम काही औषधं मोडून काढतं, तेच हा रस बंद पाडतो. ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच संकरित अपत्य, आणि ही खोड पपनसातही आहे. कोलेस्टेरॉलसाठीची सिम्व्हास्टॅटिन, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, मूत्रपिंड बदललेल्यांचं टॅक्रोलिमस, ही त्यातली काही औषधं. "गोळी सकाळी घेतो, फळ संध्याकाळी खातो" हा तोडगा चालत नाही. ते एंझाइम नव्यानं तयार व्हायला दोन-तीन दिवस जातात. आणि डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करायची नाही. थांबवायचं ते फळ.

झालं सोलून. ताट मागच्या रांगेपर्यंत जाऊ दे. काका, तुम्ही थांबा जरा. खिशातली ती गोळ्यांची पट्टी आधी दाखवा.