सुकतीची निवटी

(दृश्य: ठाणे खाडी, ऐरोलीची बाजू. पाणी ओसरतंय.)

खाडीला सुकती लागली आहे. वाशीच्या पुलावरून लोकल धडधडत जाते तेव्हा खिडकीतल्या माणसाला खाली दिसतो तो नुसता काळा चिखल. आपण त्याच चिखलाच्या काठाला, तिवरांच्या सावलीत बसू. पाच मिनिटं हलायचं मात्र नाही.

आले बघा. आधी दोन डोळे, बेडकासारखे, पार डोक्यावर बसवलेले. मग बिळातून बाहेर सरकते ती अख्खी निवटी.

जेमतेम वीतभर मासा. चिखलाच्याच रंगाचा, अंगावर बारीक ठिपके. पाणी आटलं की बाकीचे मासे तडफडतात. निवटीचा दिवस मात्र तेव्हा उजाडतो. कल्ल्यांच्या पोकळीत ती पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीतून, तोंडाच्या आतल्या त्वचेतून हवेतला प्राणवायू घेते. अंग सुकलं तर संपलंच, म्हणून मधूनच ती कुशीवर कलंडते, चिखलात लोळते, पुन्हा सरळ होते.

(दृश्य: डोळा, अगदी जवळून.)

आता डोळ्याकडे नीट लक्ष द्या. हा आत गेला... आणि हा वर आला. डोळ्याच्या खाली कातडीची ओली वाटी असते. त्यात बुडवून ती डोळा भिजवून घेते. हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी कॅमेरा चालू करायलाच विसरलो होतो.

चालताना छातीचे दोन पर कुबड्यांसारखे पुढे टेकते आणि अंग ओढते. मागे चिखलावर नक्षी उमटत जाते. डोकं डावीउजवीकडे फिरवत ती वरचा तपकिरी, चकाकता थर खरवडून खाते. हा थर म्हणजे डायटम, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. आपल्याला जो चिखल वाटतो, ते निवटीचं कुरण आहे.

दुसरी निवटी हद्दीत शिरली की पाठीवरचा पर शिडासारखा ताठ उभा राहतो. दोघी तोंडं वासून समोरासमोर. आणि नर मादीला बोलवायचा असला की सरळ हवेत उडी मारतो!

खाडीकाठचे कोळी निवटीला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. बिळात खांद्यापर्यंत हात घालून ती धरायची, आणि घरी तिचं तिखट कालवण. हातातून सटकणारी निवटी धरणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

2015 साली इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. गुलाबी पक्षी पाहायला लोक बोटीतून येतात. यावंच. पण तिवरांच्या मागे रात्री राडारोड्याचा एक डंपर रिकामा झाला, की खालची कितीतरी बिळं एका दमात बुजतात. ती मोजायला कोणी येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

(दृश्य: भरती.)

पाणी परत फिरलं. चरणाऱ्या निवट्या एकेक करून बिळाकडे सरकतायत. ही शेवटची, बिळाच्या तोंडाशी अजून थांबलेली. दोन डोळे वर.

बुडाले.