एका पेन्शनीला बायकोची दोन नावं

विषय दिलाय ‘कुटुंब निवृत्तिवेतन कुणाला किती’. त्यावर येतोच. पण आकडे नियमात सापडतात. फाइल अडते ती नावावर, म्हणून आधी नाव.

आपल्याकडे लग्नात नुसतं आडनाव बदलत नाही. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, की माहेरची सुमन सासरची सुनंदा होते. तांदूळ पुन्हा डब्यात जातात, शाळेच्या दाखल्यावर मात्र सुमनच राहते. नवरा सेवापुस्तकात ‘सुनंदा’ लिहितो, आधारवर ‘सुमन’ येतं. तो असेपर्यंत कुणाचं काही अडत नाही. तो गेला, की टेबलापलीकडून प्रश्न येतो: या दोघी कोण? हसा, पण घरी जाऊन पासबुक बघा.

कारकुनाला नावं ठेवू नका. दुसरं लग्न निघालं, तर चुकीच्या हातात गेलेल्या पैशांचा जाब त्यालाच द्यावा लागतो. इलाज नवरा हयात असतानाच करायचा. विवाह नोंदणीचा दाखला काढा, पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्या. त्या आधारावर आधार, पॅन, बँक. आणि शेवटी पीपीओतली नोंद. पीपीओ म्हणजे पेन्शनचा मूळ आदेश. बहुतेक लोक आधारवर थांबतात आणि नेमका पीपीओ जुना राहतो! त्यात पत्नीची जन्मतारीखही तपासा. केंद्राच्या नियमात ऐंशी पूर्ण झाल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन २० टक्के वाढतं. तारीखच नसेल तर बँक वाढवणार कशावरून?

आणि ते एटीएम! मृत्यूनंतर बँकेला न कळवता पेन्शन काढत राहिलात, तर जादा गेलेली रक्कम पुढे विधवेच्याच पेन्शनमधून कापतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा, दाखल्याच्या चारपाच प्रती घ्या, त्यावरचं नाव तिथेच वाचून बघा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर आकडे, भराभर. केंद्रीय कर्मचारी सेवेत असताना गेला, तर दहा वर्षं शेवटच्या मूळ पगाराच्या ५० टक्के, मग ३०. निवृत्तीनंतर गेला, तर हाच वाढीव, म्हणजे ५० टक्क्यांचा दर सात वर्षं किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता तोवर, यातलं जे आधी येईल ते. किमान ९,००० रुपये, वर महागाई सवलत. एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेतल्यांचं गणित निराळं, ते आज नको.

खासगी नोकरीत ईपीएस-९५, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन योजना. एक महिन्याची वर्गणी भरलेली असली, तरी सेवेतल्या मृत्यूनंतर विधवेला पेन्शन लागू होते. किमान १,००० रुपये. हसू नका, २०१४पासून तेवढेच आहेत. दोन मुलांना प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या २५ टक्के, पंचविसाव्या वर्षापर्यंत. पेन्शनसाठी फॉर्म १०-डी, पीएफसोबतच्या विम्यासाठी फॉर्म ५-आयएफ. विम्याची कमाल मर्यादा ७ लाख, आणि हा फॉर्म भरायचाच राहून जातो.

यातलं काहीच नसेल, तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. तिथेही उत्पन्नाच्या दाखल्यावर नाव आधारवरचंच हवं.