तारीख अडीचला, तोवर एक पुरा

मंडळी, अंबाजोगाईहून, केजहून, परळीहून आपला माणूस छत्रपती संभाजीनगरला जातो तो काही फिरायला जात नाही. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात तारीख असते, घाटीच्या सरकारी दवाखान्यात कुणीतरी ॲडमिट असतं, नाहीतर लेकराच्या प्रवेशाची कागदं घेऊन विद्यापीठात जायचं असतं. वकीलसाहेब सांगतात, "आपला नंबर अडीचनंतर." सकाळी नऊला एसटीतून उतरलेला माणूस अडीचपर्यंत काय करतो? टपरीवर बसतो, चहा घेतो, पुन्हा चहा घेतो. जपानहून आलेला पाहुणा वेरूळ-अजिंठा करायचा म्हणून तिथं एक रात्र हॉटेलात झोपतो, त्यालाही शहर दिसत नाही. त्याच्याकडे वेळ नसतो. आपल्याकडे वेळच वेळ असतो, पण आपण तो चहात घालवतो.

आजचं बोलणं त्या मोकळ्या चार-पाच तासांबद्दल आहे. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. हे शहर एका मधल्या चौकातून चारी बाजूंना वाढलेलं नाही. सरदारांचे तळ शेजारी शेजारी पडत गेले, त्या तळांच्या वस्त्यांना पुरे म्हणू लागले आणि त्यांचं शहर झालं. त्यामुळे एका दिवसात "शहर बघून टाकू" म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एका फेरीत एकच पुरा धरावा.

सुरुवात मलिक अंबरपासून. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पोरगा अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि 1610 च्या सुमारास त्याने खडकी नावाच्या गावाचं शहर केलं. त्याच्या मराठा सरदारांनी तिथं आपापल्या वस्त्या बसवल्या. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही त्या वेळची नावं जुन्या नोंदींत सापडतात. मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी ही त्यामागची माणसं. 1626 मध्ये अंबर गेला, पुढे मोगल आले. औरंगजेबाच्या मागोमाग त्याचे राजपूत सरदार आले. सरदार म्हणजे एकटा माणूस नव्हे. त्याच्याबरोबर फौज, घोडे, उंट, हलवाई, न्हावी, भटजी आणि कुलदैवतसुद्धा. बिकानेरचा राजा करणसिंह उतरला तो कर्णपुरा. त्याचा मुलगा पदमसिंह, त्याचा पदमपुरा. पुरंदरच्या तहाचे मिर्झाराजे जयसिंह, त्यांचा जयसिंगपुरा. बुंदेल्यांचा पहाडसिंगपुरा, तिथं सोनेरी महाल आजही उभा आहे. लोक म्हणतात 52 पुरे आणि 52 दरवाजे. मोजायला जाऊ नका, आज त्यातले थोडेच दरवाजे उरलेत. पण रिक्षावाल्याला तुम्ही "पदमपुरा" म्हणता तेव्हा बिकानेरच्या एका राजपुत्राच्या तळाचा पत्ता सांगत असता, एवढं ध्यानात असू द्या.

आपली एसटी ज्या मध्यवर्ती बसस्थानकावर सोडते, तिथून कर्णपुरा हाकेच्या अंतरावर आहे. नवरात्रात गेलात तर काही सांगायलाच नको, तुळजाभवानीच्या यात्रेची गर्दीच तुम्हाला ओढून नेईल. पाळणे, रेवड्या, बांगड्यांची दुकानं, सगळं आहे. इतर दिवशी मैदान रिकामं असतं, देवळात शांतपणे दर्शन होतं.

आता पाण्याकडे येऊ, कारण पुऱ्यांना जोडणारी वस्तू रस्ता नव्हती, पाणी होतं. तळ कुठंही पडो, माणसाला आणि जनावराला पाणी लागतंच. मलिक अंबरने उत्तरेच्या डोंगराकडून शहरात पाणी आणलं ते जमिनीखालून, दगड-चुन्याच्या नहरीतून. ना मोट, ना पंप. नुसता उतार. मधे मधे हवा सुटायला आणि गाळ काढायला तोंडं ठेवलेली. नहर-ए-अंबरी म्हणतात ती हीच. पुढे मोगलांच्या काळात आणखी नहरी झाल्या आणि पुऱ्यापुऱ्यात हौद भरू लागले.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर घाटीतून पायी पाणचक्कीला जा. पेशंटजवळ एकजण बसवा आणि दुसऱ्याने जा, अंतर थोडंच आहे. बाबा शाह मुसाफिर हे नक्शबंदी परंपरेतले सूफी, त्यांचा हा दर्गा. यात्रेकरू, फकीर, वाटसरू यांच्या जेवणासाठी पीठ दळायला पाण्यावर चालणारं जातं बसवलेलं. लोक आत जातात, जात्याशी फोटो काढतात, कारंजात नाणं टाकतात आणि परततात. तुम्ही असं करू नका. आधी त्या उंच भिंतीपाशी थांबा, जिच्यावरून पाणी हौदात पडतं. डोंगरातून आलेलं पाणी मातीच्या नळातून त्या भिंतीच्या पोटात वर चढतं आणि माथ्यावरून खाली कोसळतं. ते वर चढतं कसं? उगम या माथ्यापेक्षा उंचावर आहे म्हणून. शाळेत विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर काढलेली आकृती इथं तीनेकशे वर्षं चालू आहे. मग हौदाच्या कडेने चाला, मासे बघा, आणि खाली उतरायची वाट विचारा. हौदाखाली एक मोठं दालन आहे. वरच्या हौदाचा तळ तेच त्या दालनाचं छत. एवढं पाणी डोक्यावर आणि खाली माणसं उन्हाळ्यात गारव्याला बसलेली! ज्याने हे बांधलं त्याची चुन्यावर श्रद्धा होती म्हणायची.

पाणचक्कीला लागून महमूद दरवाजा आणि खाम नदीवरचा पूल. खाम बघून नाक दाबावं लागतं, ते मी लपवणार नाही. तिथून बेगमपुऱ्यात शिरायचं. बेगमपुरा आजही गावासारखा आहे. अरुंद गल्ल्या, ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं, थत्ते हौद. या भागात नहरीचं पाणी आजही काही ठिकाणी येतं. आणि उरलेल्या शहराची गत तुम्हाला ठाऊक आहे. पैठणजवळच्या जायकवाडीतून पाणी उपसून, चढावर ढकलत आणायचं आणि नळाला कित्येक दिवसांआड सोडायचं. पाहुण्याच्या घरी गेलात की पहिलं वाक्य ऐकू येतं, "आज नळ येणारंय, लवकर आटपा." ज्या शहरात चारशे वर्षांपूर्वी विजेशिवाय पाणी खेळत होतं, तिथं आज टँकरची वाट बघतात. नहरींवर घरं बांधली, तोंडं बुजवली, कुठं ती फोडून गटारं जोडली. हा राग मी इथंच काढून टाकतो, कारण तिथं गेल्यावर तुम्हालाही तो येणार आहे.

बीबी का मकबरा? जरूर बघा. पण "गरिबाचा ताजमहाल" म्हणत बघू नका. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला आहे, बाकी काळा दगड आणि त्यावर गिलावा. त्या गिलाव्यातली वेलबुट्टी जवळ जाऊन बघितली तर आग्र्याशी तुलना करायची गरजच उरत नाही.

दुसऱ्या फेरीला जुनं शहर धरा. जालना रोडवरच्या खंडपीठाकडून रिक्षा करा आणि पैठण गेटला उतरा. पुढं वाहन नकोच. गुलमंडीवर सुपारी हनुमान, मग मछली खडक, सराफा, सिटी चौक, शहागंजचं घड्याळ. राजाबाजारात संस्थान गणपती, शहराचं ग्रामदैवत. लग्नाचा बस्ता बांधायला आपली मंडळी याच भागात येतात, तेव्हा यातलं अर्धं तुम्ही पाहिलेलंच आहे, फक्त मान वर करून पाहिलेलं नाही. दुकानांच्या पाट्यांच्या वरती बघा. लाकडी सज्जे, कोरीव कंस, हैदराबादच्या निजामाच्या राजवटीतली कमान, त्यावर लोंबणाऱ्या केबल. इथली भाषा दखनी. "कायकू", "नक्को", "हौ" ऐकून आपल्याला परकं वाटत नाही. पुण्याच्या पाहुण्याला हे जमत नाही, आपल्याला जमतं. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी गल्ल्यांत गर्दी असते, काही दुकानं बंद असतात, ती वेळ टाळा. रविवार हाती असेल तर जाफर गेटचा बाजार. जुनी हत्यारं, कुलपं, सायकलचे भाग, ज्याला जे हवं ते.

खाणारे असाल तर नान-खलिया. भट्टीतला मोठा, पिवळसर तुकतुकीत नान आणि मटणाचा पातळ, तिखट रस्सा. तुघलकाच्या फौजेबरोबर तो इकडे आला असं सांगतात. खरं-खोटं बाजूला ठेवू, पण हजारो माणसांना एका वेळी खायला घालायचा हा पदार्थ आहे यात शंका नाही. पंगतीत बसून खाल्ला की कळतं.

भडकल गेटसाठी मात्र वेगळा वेळ काढा. 1612 ची ही कमान मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधली असं मानतात. आज तिथं बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि 14 एप्रिलला पाय ठेवायला जागा नसते. तिथून पुढं नागसेनवनात जा. 1950 साली बाबासाहेबांनी तिथं महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे मिलिंद झालं. मुख्य इमारतीची कोनशिला 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी बसवली. मराठवाड्यातल्या किती घरांतला पहिला पदवीधर त्या आवारातून बाहेर पडला असेल! तुमच्यापैकी अनेकांचे वडील तिथल्या वसतिगृहात राहिले असतील. माझ्या मते शहरातला सगळ्यात महत्त्वाचा पुरा हाच, आणि त्याला बघायला पर्यटकांची एकही बस येत नाही.

सिडको या आखून वसवलेल्या नव्या भागाबद्दल थोडक्यात. एन-एक, एन-दोन असे आकडे, सारखी घरं, सरळ रस्ते. दिवसा बघण्यासारखं फार नाही. संध्याकाळी तिथल्या कॅनॉटच्या बाजारात जा, तिथं बीड, परभणी, लातूर, हिंगोली सगळ्या जिल्ह्यांची पोरं चहा घेत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडून बसलेली दिसतील. हेही आपापला तळ टाकून बसलेलेच लोक.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, की एकट्या बाईने हे सगळं पायी फिरावं का. पाणचक्की, बेगमपुरा आणि मकबरा सकाळी दहा ते एक निर्धास्त फिरा, घाटीत येणाऱ्या कितीतरी बायका फिरतात. गुलमंडी-सराफ्यात दुपारी जा, तिथं निम्मं गिऱ्हाईक बायकांचंच असतं. जाफर गेटला सोबत असलेली बरी, कारण तिथली गर्दी खिसेकापूंची आवडती आहे, पुरुषांनीही पाकीट पुढच्या खिशात ठेवावं. आणि वकीलसाहेबांचा फोन लागेल एवढी बॅटरी शिल्लक ठेवा, नंबर कधीकधी दीडलाच लागतो.