दोन इंजिनं, दोन मुठी आणि एकच डावा हात

नमस्कार मंडळी! हा झाडूचा दांडा बघा. टोकाला सायकलच्या दोन रबरी मुठी बसवल्यात, एकीच्या पुढे एक. घरच्यांनी विचारलं, हे काय? म्हटलं, हेलिकॉप्टर.

खरंच सांगतो. पायलटच्या डाव्या हाताला असाच एक दांडा असतो, त्याला कलेक्टिव्ह म्हणतात. तो वर ओढला की मुख्य रोटरच्या सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि हेलिकॉप्टर उचललं जातं. बेल २१२ किंवा बेल ४१२ या दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरांमध्ये त्याच दांड्यावर अशा दोन फिरत्या मुठी असतात, प्रत्येक इंजिनाला एक. हेच थ्रॉटल.

आता मोटारसायकलवाल्यांना वाटणार, मूठ पिळली की जोर वाढला. इथेच गंमत आहे. उडताना दोन्ही मुठी पूर्ण उघड्या असतात आणि पायलट त्या पिळत बसत नाही. इंधन किती सोडायचं ते गव्हर्नर, म्हणजे वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा, बघते. मूठ फक्त वरची मर्यादा ठरवते: इथपर्यंत जा, याच्या पुढे नाही. त्या मर्यादेच्या आत रोटरचा वेग धरून ठेवणं हे गव्हर्नरचं काम. कलेक्टिव्ह ओढला की पात्यांवर भार येतो, वेग पडायला लागतो, गव्हर्नर लगेच इंधन वाढवतो. शिवाय कलेक्टिव्हलाच जोडलेली एक यंत्रणा त्याला आधीच इशारा देते, म्हणजे वेग फार पडत नाही.

थोडे आकडे. या इंजिनांच्या पॉवर टर्बाइनचा, म्हणजे रोटरला जोर पुरवणाऱ्या चाकाचा, वेग मिनिटाला सुमारे ३३,००० फेरे. दोन्ही इंजिनं एकाच गिअरबॉक्समध्ये येऊन मिळतात, तिथून ६,६०० फेऱ्यांनी शाफ्ट बाहेर पडतो आणि शेवटी रोटर फिरतो मिनिटाला ३२४ वेळा. गिअरबॉक्समध्ये प्रत्येक इंजिनाला एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. एक इंजिन मेलं तर ते आपोआप सुटतं, चालू इंजिनाला त्याचं ओझं ओढावं लागत नाही.

मग मुठी हव्यात कशाला? सुरू करायला, बंद करायला, आणि गव्हर्नर बिघडला तर. आता कोडं ऐका.

समजा दोन्ही इंजिनांचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४५ टक्के आहे. अचानक एकाचा ७५ झाला, दुसऱ्याचा १५ वर आला. बिघडलं कोणतं?

पंधरावालं म्हणालात ना? मीही पहिल्यांदा तेच म्हणालो होतो. थांबा, आधी रोटरचा आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, बघा. तो चढला असेल तर चोर ७५वालं आहे! त्याचा गव्हर्नर इंधन ओततच सुटलाय. रोटर जोरात फिरतोय हे पाहून दुसऱ्याच्या गव्हर्नरने शहाण्यासारखं स्वतःचं इंधन कमी केलं, म्हणून ते बिचारं आजारी दिसतंय. ते बंद केलंत तर चांगलं इंजिन घालवून बसाल, आणि हातात उरेल ते पिसाळलेलं. आरपीएम पडला असेल तर मात्र उलटं: पंधरावालंच ढेपाळलंय आणि दुसरं त्याचा भार उचलतंय.

पहिल्या प्रकारात पायलट कलेक्टिव्ह ओढून रोटरला आवर घालतो आणि पिसाळलेल्या इंजिनाची मूठ हळूहळू मागे घेतो. हळूहळूच, हं. कारण दोन्ही मुठी एकाच हाताखाली, आणि घाईत बोटं शेजारणीवर जायला कितीसा वेळ लागतो? (या दांड्यावर माझी दोनदा गेली, कट केलंय ते.) जरा पिळायची, समोरच्या मापकांच्या सुया बघायच्या. ज्या इंजिनाच्या सुया हलायला हव्यात त्याच हलल्या तर पुढे.

आणि इंजिन पूर्ण बंद करायचं ठरलंच, तर मूठ आयडलपाशी, म्हणजे इंजिन नुसतं हळू चालू राहतं तिथे, येऊन अडते. तिथे एक खटका आहे. तो सोडवायला वेगळं बटण दाबावं लागतं, तेव्हाच ती शून्यापर्यंत जाते.