कपाटातली पिशवी आणि सोमवारचा वायदा

नमस्कार मंडळी.

(पिशवी कॅमेऱ्यासमोर धरून) ही पिशवी आमच्या कपाटात अडीच वर्षं पडून होती. आत बाबांचा मृत्यू दाखला, जुना उतारा, सगळ्यांची आधार कार्डं. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातल्या वीस गुंठ्यांवर वारसा चढवायचा, एवढंच काम. आई विचारायची, "कचेरीत जाऊन आलास काय रे?" मी म्हणायचो, "जातो की, सोमवारी."

याला आळस म्हणावं, तर त्याच अडीच वर्षांत भाताची लावणी एकदाही चुकली नाही. तरवा तयार झाला, पाऊस लागला, पैऱ्याची माणसं बांधावर आली, की चिखलात उतरावंच लागतं. तरवा थांबत नाही. उतारा मात्र थांबतो, कुणी दारात येऊन विचारत नाही.

फ्युशा सिरवा आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 साली एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की चालढकल हा वेळेच्या हिशेबाचा प्रश्न कमी आणि मनाचा जास्त. काम आठवलं की जीव नकोसा होतो, ते पुढे ढकललं की लगेच हायसं वाटतं. त्या घटकाभराच्या हायसं वाटण्यासाठी आपण उद्याच्या स्वतःवर ओझं टाकतो.

मग मी शोधलं, माझा जीव नेमका कशाने नकोसा होतो? अर्ज कन्नडमध्ये. मागे रांग उभी, आणि सही करण्याआधी "यात काय लिहिलंय?" असं विचारायची लाज. आपल्या सीमाभागात, बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, कितीतरी मराठी घरांत अशी पिशवी आहे. त्या माणसांना आळशी म्हणणं मला पटत नाही. पण थांबण्याची किंमत मोठी आहे. आज तीन वारस असतील, तर पुढच्या पिढीत तेरा होतात, आणि तेवढ्या सह्या गोळा कराव्या लागतात. पीक कर्जाला गेलात, तरी आधी उताऱ्यावरचं नाव बघतात.

दुसरं कारण सांगायला जड जातं. दाखला बाहेर काढला, की ती तारीख वाचावी लागते.

पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी 1999 साली मांडलेली एक साधी युक्ती मला उपयोगी पडली. "करीन" म्हणायचं नाही. कधी, कुठे, कसं ते आधीच ठरवायचं. मी ठरवलं : मंगळवारी डेअरीत दूध घातलं, की घरी न येता तिथूनच बहिणीकडे जायचं. भाची कन्नड माध्यमात शिकते. तिच्याकडून अर्ज वाचून घ्यायचा आणि तसंच कचेरी गाठायची.

तिने ओळीवर बोट ठेवून सगळा अर्ज वाचून दाखवला. एका जागी थांबली आणि म्हणाली, "मामा, हे आजोबांचं नाव." तिथे मीही थांबलो. मग तिने पुढची ओळ वाचली.

नवा उतारा आला, तेव्हा आईने तिच्याकडून स्वतःचं नाव दोनदा वाचून घेतलं.